समासातलं तुमचं अक्षर

उस्ताद, हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचता आलं नसतं. माझ्या भाषेतले दोनच शब्द तुम्हाला येत होते. एक 'बस', जो तुमच्या अरबीतही आहे आणि म्हणून तो माझा आहे हे तुम्ही कधी मान्य केलं नाही. दुसरा 'घावणे'. आपण ज्या मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या अरबीत बोलायचो, तिच्यात मला काम करता येतं, रडता येत नाही. म्हणून मराठी.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी माझ्या लेकीचा, झोयाचा, शाळेचा डबा भरत होते. तुमच्या इहसानने दार वाजवलं. तिच्या पायात चपला नव्हत्या. "बाबा उठत नाहीत," एवढंच म्हणाली. मी लिफ्टची वाट न बघता दोन मजले चढून गेले. तुम्ही उजव्या कुशीवर होतात, हात गालाखाली, वर्गात मुलांची परीक्षा चालू असताना बाकावर डुलकी लागावी तसे. हॉस्पिटलचे कागद झाले आणि तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर तुम्हाला नेलं. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मी इहसानजवळ बसून राहिले. तिकडे माझा नवरा, इम्तियाज, गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या चपलांना ओलसर वाळू लागलेली होती. तो ती दाराबाहेर झटकायला लागला, मी म्हटलं, राहू दे. तुमच्या दफनाचं मी एवढंच पाहिलं.

त्याआधीचे तीन शुक्रवार आपण बोललो नव्हतो.

आपली ओळख लिफ्टमध्ये झाली, आठवतं? मी धाहरानच्या ऑफिसातून घरी खोबरला येत होते. आमच्या रेकॉर्ड सेक्शनमधून टाकून दिलेले खोके माझ्या हातात होते, कागद पिवळा पडू नये म्हणून खास पुठ्ठ्याचे असतात तसले. तुम्ही पायघोळ पांढऱ्या जलाबियात, डोक्याला भलामोठा पांढरा फेटा, हातात भाजीची पिशवी. मुलीकडे राहायला आलेले वरच्या मजल्यावरचे सुदानी आजोबा, एवढंच मला ठाऊक होतं.

"हे खोके कशाचे?" तुम्ही विचारलंत.

"जुन्या कागदांचे."

"रिकामे आहेत?"

"आहेत."

"मला तीन मिळतील का?"

कशाला, ते तुम्ही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोके द्यायला वर आले, तर तुमच्या खोलीत जमिनीवर चादर अंथरलेली आणि तिच्यावर ओळीने वस्तू मांडलेल्या. पट्टा नसलेलं घड्याळ. कंगवा. रेफरीची शिट्टी. न्हाव्याची कात्री. आठ घड्या घातलेलं परीक्षेचं सर्टिफिकेट. एकच कानातलं. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर आकडा. आणि मधोमध एक शाळेतली हजेरीची वही, पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेली.

मी सलाम करायचं विसरले. सवयच वाईट. म्हटलं, "ही पट्टी वहीला कुणी लावली?"

"मी. का?"

"ती हळूहळू कागद खाऊन टाकेल."

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग चादरीची एक बाजू सरकवून म्हणालात, "बस, या बिंती." 'या बिंती' म्हणजे अगं माझ्या मुली. त्या दिवसापासून मी बिंती झाले.

मग तुम्ही सांगितलंत. नाईलच्या काठचं तुमचं गाव, तिथली शाळा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. देशात यादवी पेटली आणि लढाई गावाच्या जवळ यायला लागली, तेव्हा वस्तीतले तरुण राखणीला म्हणून आपण होऊन पुढे आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. नावं लिहायला तुम्हाला बसवलं, कारण गावात तुमच्याइतकं सुंदर अक्षर कुणाचं नव्हतं. मैदानावर थोडे दिवस कवायत, हातात मिळेल ती बंदूक, आणि मग ते पायी निघाले. निघताना एकेकाने तुमच्याकडे काही ना काही ठेवायला दिलं. घरांना तेव्हा कुलपं उरली नव्हती, शाळेच्या कपाटाला होतं. "उस्ताद, परत आलो की घेतो." वहीत ज्या क्रमाने नावं, त्याच क्रमाने तुम्ही वस्तूंना आकडे दिलेत. गाव सोडायची वेळ आली तेव्हा तुम्ही कपडे मागे ठेवलेत आणि हे सगळं एका गोणीत भरून बंदरापर्यंत आणलंत, तिथून बोटीने इकडे सौदीत, जेद्दाला, आणि तिथून मुलीकडे.

मी विचारलं, "ते कोणत्या बाजूचे होते?"

तुम्ही म्हणालात, "माझ्या वर्गातले."

पुन्हा मी ते कधी विचारलं नाही. झोयाने मात्र विचारलं होतं, ते खरे सैनिक होते का म्हणून. तिचं आमच्याशी बोलणं निम्मं इंग्रजीतच. "वेअर दे रिअल सोल्जर्स?" तुम्ही तिला सांगितलंत की त्यांच्या पायात एकसारखे बूटसुद्धा नव्हते, कुणी सँडल घालून गेलं, पण मेले ते खरेच मेले. एवढुशी पोर ती. मला तुमचा थोडा राग आला होता. नंतर वाटलं, बरं झालं, तिला कुणीतरी खरं सांगितलं.

हे काम मी का अंगावर घेतलं, हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता सांगते. माझे अब्बा जेद्दाच्या बंदरात कामाला होते, तिथेच वारले. आमच्या गावी, रत्नागिरीकडे, त्यांचं सामान एका खोक्यातून आलं. त्यात त्यांचा जुना इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना होता, दोन शर्ट होते आणि एक स्वेटर होता, जो त्यांचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी, लाल, कोपरावर उसवलेला. अम्मीने तो धुतला, उन्हात वाळवला आणि घडी करून ठेवला, कुणी मागायला येईल म्हणून. कोण येणार होतं? पण तिने तो कुणाला घालू दिला नाही. तुमच्या चादरीवर ते आकडे बांधलेले पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा तो स्वेटर आठवला. इथे एक माणूस होता ज्याने वस्तूंची अदलाबदल होऊ दिली नव्हती.

मग आपले शुक्रवार सुरू झाले. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाआधी खाली यायचात. मी घावणे करायचे आणि तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात की ही तुमच्या ज्वारीच्या पातळ किसऱ्याची बहीण आहे, फक्त तांदळाची. नारळाच्या दुधात गूळ घालून दिला तर तुम्हाला आवडलं नाही, रस्सा हवा असायचा. टेबल पुसून आपण वही उघडायचो. पट्टी काढायलाच कित्येक आठवडे गेले, गरम सुरीने, केसाएवढी एकेक. नव्या चिठ्ठ्या लिहिताना मी म्हणायचे पेन्सिलनेच लिहा. तुम्ही म्हणायचात, "इतिहास पेन्सिलने?" मी म्हणायचे, शाई पसरते. तुमचं म्हणणं होतं की पसरू दे, निदान घाबरत तरी नाही. हा वाद आपण दर शुक्रवारी न चुकता केला आणि दर शुक्रवारी तुम्ही पेन्सिल घेतलीत.

मला कुराणातली अरबी वाचता येते, एकेक अक्षर सुटं, स्पष्ट. तुमचं भरभर लिहिलेलं हस्ताक्षर मात्र मला लागायचं नाही. तुम्ही वाचायचात, मी इंग्रजीत यादी टाइप करायचे. नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, वय, धंदा, ठेवलेली वस्तू. आणि मग, तो जिवंत आहे की नाही. तिथे तुम्ही थोडे थांबायचात.

वस्तू परत द्यायची कल्पना तुमची. तुमच्या गावचे लोक या देशात कुठे कुठे पांगलेले होते. इहसान फोन लावायची, कुणीतरी कुणाचा तरी नंबर द्यायचं, आणि आपण गाडी काढायचो. रास अल खैरला आपण गेलो ते आठवतं? शिट्टीवाल्याचा मोठा भाऊ तिथे समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लँटवर होता. गेटबाहेर चहाच्या टपरीपाशी तो कंपनीच्या कपड्यांत आला. शिट्टी घेतली, खिशात टाकली, म्हणाला, "शिफ्ट आहे, यल्ला," आणि गेलासुद्धा. मला वाटलं, हा काय माणूस. तुम्ही म्हणालात, थांब. पाच मिनिटांनी तो धावत परत आला. धापा टाकत विचारलं, "वहीत त्याचं नाव पुरतं लिहिलंय ना? आमच्या आजोबांचं नाव धरून?" तुम्ही वही उघडून दाखवलंत. त्याने बोट न लावता, वरूनच बोट फिरवत वाचलं. मग कामावर गेला.

आणि दम्मामचा न्हावी. तो स्वतःच तुमच्या यादीतला, जिवंत परतलेला, एका पायाने लंगडत खुर्चीभोवती फिरणारा. स्वतःची कात्री त्याने ओळखली, दोनदा चालवून पाहिली आणि तुम्हाला परत दिली. "उस्ताद, ज्याने ही ठेवली तो धडधाकट पोरगा परत आला तर त्याला द्या." तुम्ही हसलात. गाडीत बसल्यावर मात्र खोबर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलात.

माझी अम्मी गेली तेव्हा मला वेळेत गावी पोचता आलं नाही. सुट्टी, एक्झिट री-एंट्रीचा व्हिसा, विमान, सगळं जुळेपर्यंत माती होऊन गेली होती. लोक भेटायला आले, सबुरीच्या चार गोष्टी सांगून गेले. तुम्ही शुक्रवार नसताना खाली आलात, टेबलापाशी बसलात आणि चिठ्ठ्यांचे दोरे बदलत राहिलात. दुपारभर. जाताना म्हणालात, "उद्या येतो." आणि आलात. सात दिवस आलात. त्याबद्दल मी तुम्हाला शुक्रिया म्हटलं नाही. तेव्हा सुचलं नाही आणि नंतर लाज वाटली.

आता ते भांडण.

एकोणिसाव्या आकड्याची वस्तू आपण कधी कुणाला द्यायला गेलो नाही. कबुतरांच्या पायात घालतात तशा छोट्या ॲल्युमिनियमच्या कड्या, एका तारेत ओवलेल्या. मुआझ नावाच्या पोराच्या. वय बावीस, वायरमन, घराच्या गच्चीवर कबुतरं पाळायचा. आपल्या यादीत त्याच्यापुढे 'गेला' असं लिहिलेलं होतं. त्याचे आईवडील ताइफला गुलाबाच्या मळ्यावर राहतात, हे आपल्याला केव्हापासून माहीत होतं. इहसानने नंबरही मिळवला होता. पण मी ताइफचं नाव काढलं की तुमची तब्येत बिघडायची, नाहीतर हवा बरी नसायची, नाहीतर वहीचं काम राहिलेलं असायचं.

एका शुक्रवारी तुम्ही विचारलंत, "एक पान वहीतून काढता येईल का? शिवण न बिघडवता?"

"कुठलं?"

"एकोणिसावं नाव आहे ते."

"का?"

तुम्ही म्हणालात, नावं चुकीच्या हाती पडली तर तिकडे राहिलेल्यांना धोका आहे. मी म्हटलं, मग वही कुलपात ठेवू, पण पान काढायचं नाही. आम्ही ऑफिसात पाइपाच्या नकाशाचंसुद्धा पान काढत नाही. जे लिहिलंय ते लिहिलंय.

तुमचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तुम्ही तो घेतला नाही. "हेच मी अब्दुलहलीमला म्हणालो होतो," तुम्ही म्हणालात.

मग ते सगळं बाहेर आलं. मुआझने नाव लिहवलं त्याच सकाळी त्याचे वडील, अब्दुलहलीम, टेबलापाशी आले होते. नाव काढा म्हणाले. आणि तुम्ही, मागे दहा माणसं उभी होती म्हणून असेल, ऐटीत म्हणालात की इतिहासात लिहिलेलं नाव खोडत नसतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या आठवड्यात मुआझ गेला.

मी तुमचा हात धरायला हवा होता. मी काय केलं? म्हटलं, "मग तर ताइफला आधी जायला हवं."

"नाही."

"उस्ताद, तुम्ही वस्तू परत करत नाही आहात. तुम्ही माफी गोळा करताय. जिथे ती मिळणार नाही तिथे जात नाही."

तुम्ही उठलात. चष्मा डबीत ठेवलात. "या बिंती," म्हणालात, "तुला कागद कळतात. माणसं कळत नाहीत." आणि दार ओढून घेतलंत, हळूच, आवाज न करता. जोरात आपटलं असतंत तर बरं झालं असतं.

पुढच्या शुक्रवारी मी घावणे केले, तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी केलेच नाहीत. एकदा खालच्या बकालात, किराण्याच्या दुकानात, तुम्ही दही घेत होतात आणि मी ब्रेडच्या पाकिटावरची तारीख वाचत उभी राहिले, तुम्ही बाहेर पडेपर्यंत. तुम्ही दारापाशी थोडे थांबलात हे मला कडेने दिसलं. मी मान वर केली नाही. उस्ताद, मी ती तारीख पाच वेळा वाचली असेल.

तुम्ही गेल्यावर आठवड्याने इहसान तिन्ही खोके घेऊन खाली आली. "दुसरीकडे कुठे ठेवू?" म्हणाली. मी रात्र होईस्तोवर त्यात चिठ्ठी शोधली. माझ्यासाठी दोन ओळी, रागाच्या का असेनात. नव्हत्या.

मी इम्तियाजला म्हटलं, मला ताइफला जायचंय. त्याने का म्हणून विचारलं नाही. "मक्केला जाऊन उमराही करू," म्हणाला, "मग वर जाऊ." झोया इहसानकडे राहिली. मक्केत मी तुमच्यासाठी दुआ मागितली आणि मधेच थांबले, कारण आधी भांडण मिटवायला हवं असं वाटलं. मग आम्ही गाडीने घाट चढलो. वर हवा गार, मार्च संपत आलेला, मळ्यांत तोडणी चालू. पोती भरभरून गुलाब, लग्नघरात कुणी अत्तराची बाटली सांडावी तसा वास, नको होईल इतका. मळ्याच्या कडेला दोन खोल्या होत्या. अब्दुलहलीम बाहेरच उभे होते. उंच, वाळलेले, बोटांना काट्यांचे ओरखडे. मी आधी फोन केला होता, पण तुम्ही गेल्याचं फोनवर सांगितलं नव्हतं.

आत चटईवर बसलो. त्यांच्या पत्नी नफीसा, आणि मुलगी रुबा, दहावीच्या वयाची. माझी अरबी तिथे पुरली नसती. इम्तियाज सतरा वर्षं कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे, त्याची अरबी रोजच्या वापरातली, तो माझं त्यांना आणि त्यांचं मला सांगत होता.

"उस्ताद बाबिकर नाही आले?" अब्दुलहलीमनी विचारलं.

"वारले. गेल्या महिन्यात."

त्यांनी इन्ना लिल्लाहि म्हटलं आणि खाली बघत राहिले. "ते खोबरला आहेत हे मला माहीत होतं," म्हणाले. "मी वाट बघत होतो."

मी कड्या पुढे ठेवल्या. नफीसांनी त्या उचलल्या, तार हातात धरून एकेक कडी मागे सरकवली, सगळ्या बघून झाल्यावर ओंजळीत घेतल्या. त्या रडल्या नाहीत. नवऱ्याकडे बोट करून इम्तियाजला म्हणाल्या, "मास्तरने निदान पोराची वस्तू सांभाळली. याने काय केलं विचारा. पोरगा दारातून गेला आणि हा अडवायलासुद्धा गेला नाही."

या खोलीत हे रोज बोललं जात असणार, इतकं ते अब्दुलहलीमच्या अंगवळणी पडलेलं दिसलं. रुबाने मान खाली घातली. मी इम्तियाजकडे पाहिलं. आम्हाला माहीत होतं की ते टेबलापाशी गेले होते. पण आम्ही कोण सांगणार? तुमच्या तोंडून ऐकलेलं, आणि तुम्ही नाहीत.

तेव्हा अब्दुलहलीम म्हणाले, "वही आणलीत?"

आणली होती. वही कधी घराबाहेर नेऊ नये असं माझंच म्हणणं, तरी आणली होती. त्यांनी हात धुतले, जलाबियाला पुसले. पान उघडून दिलं, पण त्यांना ते जवळून दिसेना. रुबाने पुढे सरकून वाचायला घेतलं. मुआझ, अब्दुलहलीमचा मुलगा, आजोबांचं नाव, वय बावीस, वायरमन. ती थांबली. "बाजूला अजून काहीतरी लिहिलंय," म्हणाली. "बारीक."

ते मी पन्नास वेळा पाहिलं असेल, उस्ताद. समासात उभं लिहिलेलं, मला न लागणारं. यादी करताना तुम्ही ते वाचलं नव्हतंत. मला वाटायचं, पत्ता असेल.

रुबाने वही तिरकी धरली आणि वाचलं: "वडील अब्दुलहलीम आज सकाळी टेबलापाशी आले. नाव काढा म्हणाले. दोनदा म्हणाले. मी काढलं नाही. ते दुपारपर्यंत शाळेच्या भिंतीशी उभे होते. खिडकीतून मला दिसत होते."

मळ्यातून कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"पुन्हा वाच," नफीसा म्हणाल्या.

रुबाने पुन्हा वाचलं.

"दुपारपर्यंत?" नफीसांनी नवऱ्याला विचारलं. आल्यापासून त्या पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलल्या.

"ऊन फार झालं. तू शोधत येशील म्हणून घरी आलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, आता तू काहीही सांगशील."

नफीसांनी कड्या खाली ठेवल्या. मग त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या, आणि तिथून त्यांचं रडणं ऐकू आलं. अब्दुलहलीम बसून राहिले. थोड्या वेळाने तेही उठून आत गेले. इम्तियाज, मी आणि रुबा, आम्ही तिघं चटईवर, मधे तुमची वही. रुबा पुटपुटत ती ओळ पुन्हा वाचत होती.

बाहेर आल्यावर नफीसांनी माझ्याजवळ बसून विचारलं, "हे पान मला मिळेल?"

तुम्हाला मी एक पान काढू दिलं नव्हतं. तुम्ही मागितलं होतं ते हेच. मी त्यांना सांगितलं, "या पानावर अजून नऊ जणांची नावं आहेत."

त्यांनी वहीकडे पाहिलं. "त्यांच्याही आया असतील," म्हणाल्या. "राहू दे." रुबाने शाळेच्या वहीतला कागद काढला आणि समासातलं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. नफीसांनी मला त्याच्याखाली सही करायला लावली, की हे मूळ वहीवरून घेतलंय म्हणून. ऑफिसात दिवसाला पन्नास कागदांवर मी हेच लिहिते. तिथे मी सहीखाली अब्बांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं.

घाट उतरताना इम्तियाज म्हणाला, "उस्तादांनी स्वतः जायला हवं होतं." मला तुमचा इतका राग आला होता, उस्ताद, की तुम्ही समोर असतात तर ओरडले असते. तुम्ही मनाशी वाट्टेल ते ठरवलंत. ती नोंद म्हणजे तुमच्याविरुद्धचा पुरावा, असं समजून तिला लपवत राहिलात. आणि इकडे एका घरात एक माणूस रोज खोटा ठरत होता, बाकी सगळे पांगल्यावर त्याचा उरलेला एकच साक्षीदार खोबरच्या चौथ्या मजल्यावर दही आणत होता. दोन वर्षं. एक विमान. एवढंच होतं ते.

आणि मग घाटाच्या खाली आल्यावर मला माझं वाक्य आठवलं. माफी गोळा करताय, असं मी म्हणाले होते. ज्याला माफी हवी असते तो त्याच दिवशी, टाळ्या अजून कानात असताना, स्वतःच्या हाताने असं लिहून ठेवतो का? खिडकीतून मला दिसत होते. हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. मला ते वाचता आलं नाही, आणि मी तुम्हाला विचारलंही नाही. तुम्ही बरोबर बोललात, मला माणसं कळली नाहीत. कागदही कळला नाही. आपण दोघं सारखेच चुकलो आणि हे एकमेकांना सांगायला आपल्याकडे तीन शुक्रवार होते.

एक निरोप द्यायचा आहे. निघताना अब्दुलहलीम आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. त्यांनी विचारलं, शेवटी तुम्हाला त्रास झाला का. मी सांगितलं, नाही, झोपेत. ते मान हलवून उभे राहिले. मग इम्तियाजला म्हणाले, "मी त्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. ते माझ्याच्याने होत नाही. पण बाबिकरनी खरं लिहिलं, हे मी गावच्या जो भेटेल त्याला सांगेन. त्यांना हे कळायला हवं होतं." त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "तुम्ही त्यांच्या शेजारी राहता ना," म्हणाले, "मग तुम्हीच सांगा."